चंद्रा ते स्पिती, खडीच्या रस्त्याने: प्रकल्प नोंदी

१४ जून, पुणे

आमच्या सायकल गटातल्या काही जणांना पुढच्या वर्षी हिमाचलात मनालीहून स्पिती दरीतल्या काझापर्यंत जायचं आहे. त्यांच्या हातात देता येईल अशी मार्गपत्रिका तयार करायची, आणि ती घरी बसून नाही तर रस्ता पायाखाली घालून, असं दादाने आणि मी ठरवलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो रस्ता करायचा.

आज जमवलेली सगळी माहिती एकत्र मांडली. ग्राम्फू ते छत्रू सुमारे १७ किलोमीटर, छत्रू ते बातल ३२, बातल ते कुंझुम खिंड १२, तिथून लोसर १९, लोसर ते काझा ५८ च्या आसपास. जो तो किलोमीटरच सांगतो. पुण्याहून महाबळेश्वर एका दिवसात गाठणारा माणूस हे आकडे वाचतो आणि छत्रू-बातल हा अर्ध्या दिवसाचा टप्पा धरून बसतो. जीपसुद्धा तिथे दोन-तीन तास घेते, हे त्याच्या लक्षात येत नाही. म्हणून आमच्या पत्रिकेत प्रत्येक टप्प्यापुढे तास लिहायचे: भरलेल्या सायकलवर किती तास, किती वाजता निघायचं, आणि कुठला नाला किती वाजायच्या आत ओलांडायचा. या शेवटच्या रकान्यासाठीच सगळा खटाटोप आहे.

सप्टेंबर निवडण्याचं कारणही तेच. खिंड उघडते साधारण जूनमध्ये. तेव्हापासून जुलैअखेर बर्फ जोरात वितळत असतं आणि नाले भरून वाहतात. मनालीच्या बाजूला त्यातच पावसाळा. सप्टेंबरात पाऊस ओसरतो, पाणी उतरायला लागतं, आणि खिंडीवर ताजं बर्फ पडायला अजून अवकाश असतो. थंडी वाढते, पण कपडे घालून तिच्यावर उपाय करता येतो. नाल्यावर तसा उपाय नाही.

२ जुलै

सायकल दुकानात दिली. माझी साधी हार्डटेल एमटीबी आहे, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक, २९ इंची चाकांची. दादा ग्रॅव्हल बाइक नेऊ म्हणत होता, वळलेल्या हँडलची. तिच्यात ४५ मिलिमीटरच्या वर टायर बसत नाही. दुकानातल्या काकांनी रस्त्याचे फोटो पाहिले आणि सरळ सांगितलं, "अरे, ही खडी नाही, हे दगड आहेत. सव्वादोन इंचाच्या खाली जाऊ नकोस." दादाने मित्राची एमटीबी मागून घेतली. मला हा निर्णय फार पटला. सडपातळ टायरवर डांबरी रस्त्यात मिळवलेला तास दगडांच्या पहिल्या पट्ट्यातच परत द्यावा लागतो, वर मनगटं जातात ती वेगळीच.

पुढची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) ३२ दातांची होती, ती ३० ची केली. मागे १०-५१ ची कॅसेट, म्हणजे १० ते ५१ दातांच्या चाकांचा संच. हिशोब असा: चाकाचा घेर साधारण २.३ मीटर, म्हणजे सर्वांत हलक्या गियरमध्ये पेडलच्या एका फेरीत सायकल १.३५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर ताशी पाच किलोमीटरला थोडं कमी. एरवी हा वेग चालण्याचाच. पण ४,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम ५८ टक्के असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तितकाच कमी मिळतो. तिथे न थांबता ताशी पाचने चढणं म्हणजे उत्तम चाललंय असं समजायचं. चढाला फेऱ्या ६० च्या खाली गेल्या की गुडघे आणि फुफ्फुसं दोन्ही ओरडतात, म्हणून दोन दात कमी.

ब्रेकचे पॅड धातूमिश्रित घेतले. ओल्या वाळूत मऊ पॅड पाहता पाहता झिजतात. टायर ट्यूबलेस, आत सीलंट (बारीक भोकं आपोआप बुजवणारा द्रव), आणि तरीही प्रत्येकी एक ट्यूब सोबत. डिरेलरचा हँगर, म्हणजे गियर बदलणारा भाग ज्यावर बसतो ती पट्टी, जास्तीचा. तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि काझात मिळण्याची आशा धरू नये, म्हणून ही ओळ पत्रिकेत ठळक अक्षरात.

२१ जुलै

वेल्हे ते केळद, पुढे मढे घाटाच्या तोंडापर्यंत आणि परत. पूर्ण सामान लादून, धो धो पावसात. हवामान स्पितीचं नाही, चिखलही वेगळा. पण बॅगा कशा वागतात ते पाहायचं होतं. तंबू हँडलबारवर, स्लीपिंग बॅग आणि कपडे सीटमागच्या बॅगेत, हत्यारं, पंप आणि खाणं फ्रेमच्या त्रिकोणात. पाणी सोडून एकेका सायकलवरच्या सामानाचं वजन १२ किलोच्या आत.

सीटमागची बॅग उतारावर डोलते. तिच्यात जड वस्तू तळाशी, सीटच्या नळीला टेकून भरल्यावर डोलणं बरंच कमी झालं. पुढच्या काट्याला दोन्ही बाजूंनी बाटल्या लावल्या, त्याने चढाला पुढचं चाक जमिनीला चिकटून राहतं. सरावाचं म्हणाल तर सिंहगड रस्ता चालूच आहे. सुमारे ६०० मीटरची ती चढण कुंझुमच्या चढणीएवढीच आहे. फरक इतकाच की सिंहगड जिथे संपतो त्याच्या तिप्पट उंचीवर कुंझुमची चढण सुरू होते.

१० ऑगस्ट

आज खाण्याचं काम. वाटेत छत्रू आणि बातलला ढाबे आहेत, पण त्यांच्यावर पूर्ण भिस्त ठेवायची नाही. वारा-बर्फाने एखादा आधीच आवरलेला असू शकतो. दोन दिवसांचं खाणं प्रत्येकाच्या बॅगेत हवंच.

चार हजार मीटरवर पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळतं. डाळ शिजत नाही, भात अर्धा कच्चा राहतो, आणि शिजवण्याच्या नादात इंधन संपतं. जे नुसतं भिजवून होतं तेच न्यायचं. पोहे हे यासाठी सोन्यासारखं अन्न आहे: गरम पाणी ओतलं, झाकण ठेवलं, वर मेतकूट आणि मीठ, की पाच मिनिटांत जेवण. सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात. दाण्याचे लाडू, गुळाचे. हे सायकलवर बसल्या बसल्या खाता येतात आणि थंडीत दगड होत नाहीत. चॉकलेटचे बार पहाटे दात तोडतील इतके घट्ट होतात. आईने दशम्या करून देते म्हटलंय, त्या मनालीपर्यंतच पुरवायच्या.

गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तो मनालीत घ्यायचा. पाण्याबद्दल: चंद्रा नदीचं पाणी राखाडी असतं, हिमनदीने दळलेल्या दगडाची बारीक पूड त्यात असते. फिल्टर त्याने लगेच तुंबतो. बाजूच्या डोंगरातून येणारा स्वच्छ झरा शोधून त्याचं पाणी भरायचं. तो नसेल तर नदीचं पाणी रात्रभर भांड्यात निवळू द्यायचं आणि सकाळी वरचं तेवढं गाळायचं.

२३ ऑगस्ट

सुरक्षिततेचं पान. यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागेल, कारण परदेशी व्हिडिओ पाहून प्रत्येक जण विचारतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आपल्या देशात परवान्याशिवाय वापरता येत नाही. त्यापायी विमानतळावर लोकांना ताब्यात घेतलं गेलं आहे. तेव्हा ते आणायचंच नाही. ग्राम्फूच्या पुढे लोसरपर्यंत फोनवरही विसंबायचं नाही. त्याऐवजी जुनी पद्धत: कुठे मुक्काम, कुठल्या तारखेला पुढचा फोन, आणि फोन आला नाही तर किती वेळाने काय करायचं, हे घरी लिहून ठेवायचं. ढाब्यावर निघताना सांगून निघायचं. मनाली-काझा एसटी, म्हणजे हिमाचल परिवहनची बस, याच रस्त्याने जाते. तिचे चालक-वाहक या दरीतले सर्वांत खात्रीचे निरोपे आहेत.

उंचीचं वेळापत्रक: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा फार वाढू द्यायची नाही, आणि मध्ये विश्रांतीचा दिवस. किन्नौरच्या बाजूने स्पितीत शिरलं तर उंची हळूहळू चढते. मनालीकडून मात्र ती अंगावर येते. म्हणून कोठी, मढी, छत्रूत दोन रात्री, मग बातल. औषध डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. त्यांनी स्पष्ट सांगितलं: गोळीने शरीर जुळवून घ्यायला मदत होते, पण डोकं दुखत असताना वर चढण्याची परवानगी तिच्यामुळे मिळत नाही.

३० ऑगस्ट, कोठी

मनालीत सायकली जोडल्या, गॅस मिळाला. टायरची हवा इथे मोजून पुढे २२, मागे २५ पीएसआय. वर जाताना बाहेरचा दाब घटतो म्हणून टायर तंग होतात, आणि थंडीने आतली हवा आकसते म्हणून थोडे सैल होतात. दोन्हींची वजाबाकी किती होते ते खिंडीवर मोजणार आहे.

२,५०० मीटरवर झोप छान लागली.

१ सप्टेंबर, छत्रू

मढीहून पहाटे निघून रोहतांग (३,९७८ मीटर) ओलांडली. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खिंडीखालून ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला तेव्हापासून लाहौलची बहुतेक वाहतूक त्यातून जाते. घाटात पर्यटकांच्या टॅक्सी येतात त्या सूर्य चढल्यावर. त्याआधीचे तीन तास सगळा डोंगर आपला.

ग्राम्फूला डांबर सुटलं. डावीकडे केलाँग, उजवीकडे काझा. उजवीकडे वळताच पहिल्या शंभर मीटरमध्ये हात हँडलवर वेगळे बसायला लागतात. कोपर सैल, बोटं ब्रेकवर, नजर चाकापुढे नव्हे तर दहा पावलं लांब. छत्रूपर्यंतच्या १७ किलोमीटरला तीन तास लागले, आणि तेही बराचसा उतार-सपाटी असताना. पत्रिकेत नोंद केली.

२ सप्टेंबर, छत्रू

विश्रांतीचा दिवस, पण मोजमापाचा. ढाब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक नाला रस्त्यावरून वाहतो. त्यातल्या एका मोठ्या खडकावर पहाटे सहाला पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारली. मग दिवसभर येऊन पाहत राहिलो.

नऊला पाणी रेघेवरच. अकराला दोन बोटं वर. एकला चार बोटं, आणि रंग दुधी झालेला. तीनला वीतभर. पाचला दीड वीत, आणि आता पाण्याखालून दगड गडगडल्याचा आवाज येत होता. रात्री आठला टॉर्च घेऊन गेलो तर पाचपेक्षा किंचित कमी.

कारण समजायला सोपं आहे. वर बर्फावर ऊन पडतं ते आठ-नऊनंतर, वितळण्याचा जोर दुपारी, आणि ते पाणी दगडांतून वाट काढत रस्त्यापर्यंत यायला आणखी काही तास. नाला लांबून येत असेल तर त्याचा चढ उशिरा येतो आणि उशिरापर्यंत टिकतो. रात्री वरचं सगळं पुन्हा गोठतं, म्हणून पहाट सर्वांत उथळ. ढगाळ दिवशी हे गणित मंदावतं, पाऊस झाला तर मोडतं.

ढाब्यावरच्या दीदींना खडूच्या रेघेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "यहाँ सबको पता है, दीदी. दो बजे के बाद छोटी गाड़ी नहीं छोड़ते." त्यांच्याकडून बातलपर्यंतच्या नाल्यांची क्रमवारी लिहून घेतली. कुठला पसरट, कुठला अरुंद आणि दगडाळ, कुठला रोज जागा बदलतो. नकाशात यातलं काहीच नाही.

३ सप्टेंबर, छत्रू ते बातल

हाच तो टप्पा. सविस्तर लिहिते.

साडेचारला उठलो, चहा आणि पोहे, पाच चाळीसला चाकं फिरली. उजेड नुकता फुटलेला, हातमोज्यांतही बोटं बधिर. छत्रूचा पूल ओलांडून रस्ता चंद्रेच्या उजव्या तीरावर येतो आणि बातलपर्यंत त्याच तीराने नदीच्या उलट दिशेने चढत राहतो. या ३२ किलोमीटरमध्ये उंची सुमारे ६०० मीटरने वाढते. ऐकायला चढ किरकोळ आहे. पण तो एकसलग नाही. खाली उतरा, ओहोळ ओलांडा, खड्या चढाने परत वर या, आणि हे अव्याहत.

रस्ता म्हणजे मुठीएवढ्या दगडांचा थर, ज्याला कुणीतरी दोन चाकोऱ्या पाडून दिल्यात. चाकोरीत दगड थोडे बसलेले असतात, मध्ये सैल. एका चाकोरीतून चालवत राहणं हे पहिल्या तासाचं सगळं कौशल्य. काही ठिकाणी ओहोळाने रस्ताच आपलासा केला आहे; शंभर-दीडशे मीटर आपण पाण्याच्या प्रवाहातूनच वर चढत असतो, आणि चाकाखाली काय आहे ते फक्त हँडलला कळतं. अशा जागी वेग धरून ठेवावा लागतो. पेडल थांबलं की पाय खाली, आणि पाय खाली म्हणजे बूट भरले.

पहिला मोठा नाला पावणेसातला. घोट्याएवढं पाणी, सायकलवरूनच पार. दुसरा साडेआठला, गुडघ्याच्या खाली पण ओढ असलेला. इथे उतरलो. बूट-मोजे काढून बॅगेला बांधले, पट्ट्याच्या सँडल घातल्या. अनवाणी कधीही नाही, तळाचे दगड धारदार असतात आणि गार पाण्यात पाय कापलेला कळतही नाही. आपण प्रवाहाच्या वरच्या अंगाला, सायकल खालच्या अंगाला धरायची. ओढीने ती निसटलीच तर आपल्यापासून दूर जाते, आपल्या पायांवर आदळत नाही. पाणी जिथे पसरून खळखळतंय तिथे ते उथळ असतं. जिथे गुळगुळीत दिसतं तिथे खोल. एका वेळी एकच पाऊल, आणि प्रत्येक पाऊल टेकल्याची खात्री झाल्यावरच दुसरं. दादा आधी रिकाम्या हाताने जाऊन तळ चाचपून आला, मग सायकली नेल्या. पलीकडे गेल्यावर पायांत कळ येते ती दोन-तीन मिनिटं जात नाही. कोरडा पंचा हाताशी हवा. पाय पुसून लगेच मोजे.

ऊन दरीत उतरलं तेव्हा आठ वाजून गेले होते. त्या क्षणापासून थंडीची जागा उन्हाच्या चटक्याने घेतली. इथल्या उन्हात सावली नसते, झाड नाही, झुडूप नाही. नाक आणि ओठ झाकून ठेवले.

छोटा दर्रा दहाला पाच मिनिटं कमी असताना. सार्वजनिक बांधकाम खात्याचं विश्रामगृह आहे, भोवती गवताचा हिरवा तुकडा. अर्धा टप्पा संपला होता आणि सव्वाचार तास झाले होते. पुण्याच्या रस्त्यावर एवढ्या वेळात आम्ही शंभर किलोमीटरच्या आसपास गेलो असतो. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट, कागदावर लिहायला पहिला खरा आकडा मिळाला याचा आनंद झाला. लाडू, सातू, आणि वीस मिनिटं पाय उंच करून पडलो.

पुढचा भाग अधिक दगडांचा. रस्ता घरांएवढ्या शिळांमधून वळत जातो. पलीकडच्या तीरावर एका रुंद दरीतून बारा शिगरी हिमनदी उतरते, सुमारे २८ किलोमीटर लांबीची, हिमाचलातली सर्वांत मोठी. तिचं बर्फ रस्त्यावरून फारसं दिसत नाही, दिसतो तो तिने ढकलत आणलेल्या मातीदगडाचा करडा डोंगर. १८३६ मध्ये याच हिमनदीने चंद्रेचा प्रवाह अडवला होता, मागे तळं साचलं, आणि ते फुटल्यावर खालच्या खोऱ्यात मोठी नासधूस झाली. त्या मुखासमोर उभं राहून दोन्ही तीरांवरचे दगड पाहिले की इथला रस्ता दर वर्षी नव्याने का बांधावा लागतो याची वेगळी चौकशी करावी लागत नाही.

तो बांधणारी माणसंही इथेच भेटली. सीमा सडक संघटनेच्या कामावरची एक टोळी, बहुतेक झारखंडची, रस्त्यात वाहून आलेले दगड हाताने बाजूला लावत होती. उन्हाने काळवंडलेले चेहरे, पायांत रबरी बूट, चार हजार मीटरवर घमेली उचलणं. आम्ही हौसेने आलोय, ते हंगामभर राहतात. पुढचा नाला चढलाय, त्यांच्यातल्या एकाने सांगितलं. "साइकिल ऊपर से निकालिए, दीदी, जहाँ पानी फैला है. गाड़ी वाले रास्ते से नहीं." गाड्यांच्या चाकांनी नाल्याचा तळ खणला जातो आणि तिथेच पाणी खोल होतं, वीस-पंचवीस पावलं वर ते तीन फाट्यांत पसरलेलं असतं. पत्रिकेत ही ओळ त्यांच्या शब्दांत घातली आहे.

त्या नाल्यावर एक वाजून दहा मिनिटांनी पोचलो. पाणी दुधी, गुडघ्याला लागणारं. सगळ्या बॅगा उतरवल्या. आधी बॅगा डोक्यावर, मग सायकली, अशा फेऱ्या. दोघांचं सामान पलीकडे न्यायला पाऊण तास गेला. पहाटे हाच नाला पाच मिनिटांचा असता. आणि दोन तासांनी आलो असतो तर गाडीची वाट पाहत बसावं लागलं असतं. एका नाल्यासाठी पाच मिनिटं, पाऊण तास की संपूर्ण दुपार, हे पोचण्याच्या वेळेवर ठरतं. पत्रिकेतल्या शेवटच्या रकान्याचं समर्थन म्हणून मला एवढं पुरे आहे.

त्यानंतर वारा पाठीशी आला. दुपारी तापलेल्या दऱ्यांमध्ये वारा खालून वर वाहतो आणि आम्ही वरच जात होतो. शेवटचे पाच किलोमीटर त्याने ढकलत नेलं. बातलचा पूल, पलीकडे दगडी ढाबा, पावणेतीन वाजलेले.

३२ किलोमीटर, नऊ तास पाच मिनिटं. त्यातले चाकं फिरती असलेले सहा तासांच्या आसपास. राजमा-चावल. इथे सगळं कुकरमध्ये शिजतं, शिट्ट्यांवर शिट्ट्या.

साडेपाचला मी पुन्हा मागे चालत एका नाल्यापर्यंत गेले. दुपारी आम्ही ज्या कोरड्या दगडावर बसून मोजे घातले तो पाण्याखाली होता.

४ सप्टेंबर, बातल

रात्री दादाचं डोकं दुखायला लागलं, सकाळी मळमळ. त्याला चहासुद्धा नको होता. मी म्हटलं, "दादा, आज आपण हलायचं नाही." तो म्हणाला, "दुपारपर्यंत बघू, मग निघू." मी नाही म्हटलं. डोकेदुखीबरोबर मळमळ म्हणजे उंचीचाच त्रास धरायचा, आणि त्यात खिंड चढणं हा जिवाशी खेळ आहे. खिंड कुठे पळून जात नाही. दुपारी चारपर्यंत फरक पडला नाही तर मिळेल त्या गाडीने त्याला छत्रूला खाली न्यायचं, हे ढाबेवाल्यांशी बोलून ठेवलं.

पाणी, विश्रांती, थोडं मिठाचं सूप. दोनच्या सुमारास त्याने आपणहून भात मागितला. रात्री डोकं शांत. पत्रिकेत बातलचा मुक्काम आता दोन रात्रींचा लिहिलाय, ऐच्छिक नव्हे.

५ सप्टेंबर, बातल ते लोसर

सहाला निघालो. पुलापासून काही अंतरावर डावीकडे चंद्रताल तळ्याचा फाटा. २००५ पासून ते रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ आहे. आम्ही सरळ खिंडीच्या वळणांना लागलो.

१२ किलोमीटर, सुमारे ६०० मीटर, सरासरी पाच टक्के. चढ प्रामाणिक आहे, कुठेही अंगावर येत नाही. दर वळणावर आत सैल माती, बाहेरून जायचं. दर वीस मिनिटांनी थांबून एकमेकांना प्रश्न: डोकं कसंय, काय खाल्लंस. दादा प्रत्येक वेळी नीट उत्तर देत होता. चार तास दहा मिनिटांत वर. ३० ची चेनरिंग पूर्ण वसूल झाली, एकदाही उतरून ढकलावं लागलं नाही.

४,५५१ मीटर. कुंझुम मातेच्या मंदिराला गाड्या प्रदक्षिणा घालून मगच पुढे जातात. आम्हीही सायकलवरून घातली. मागे चंद्रभागा रांगेची शिखरं. इथल्या मागच्या उताराचं पाणी चंद्रेतून चिनाबला जातं, पुढच्या उताराचं स्पितीतून सतलजला. टायर मोजले: पुढे २३, मागे २६, कोठीपेक्षा एक-एक जास्त. हवा काढायची गरज नाही.

उतार एकोणीस किलोमीटर. पट्ट्यापट्ट्यांच्या खडबडीत रस्त्याने हात सुन्न होतात, म्हणून पाच-पाच मिनिटांनी थांबून ब्रेकची चकती गार होऊ दिली आणि बोटंही मोकळी केली. लोसरच्या आधी पहिली शेतं दिसली. मटार आणि जव, पांढऱ्या मातीत कालव्याने आणलेल्या पाण्यावर. छत्रूपासून हिरवा रंग विसरलेल्या डोळ्यांना तो किती गर्द वाटला ते शब्दांत येत नाही. एका घरी मूठभर ताजे मटार मिळाले, तिथेच उभ्याने खाल्ले.

६ सप्टेंबर, काझा

लोसरहून पाच पन्नासला. इथे दुपारचा वारा उलटा, खालून वर, थेट तोंडावर. म्हणून अकराच्या आत जितकं होईल तितकं उरकायचं. हांसा, क्याटो, रंगरिक. बरेच पट्टे आता नीट झालेत, बाकी वाळू आणि खडी. रंगरिकच्या पुढे वाऱ्याने गाठलंच आणि सपाटीवर ताशी नऊने चालवावं लागलं. दीडला काझा. घरी फोन, आईशी दादाच आधी बोलला.

२० सप्टेंबर, पुणे

पॅड काढून पाहिले, मागचे निम्म्याहून जास्त झिजलेत. प्रत्येकाने एक जोड जास्तीचा, यादीत घातला. सीलंट सुकत आलं होतं, बदललं.

पत्रिका पूर्ण झाली. छत्रू-बातल: पहाटे साडेपाच ते सहा निघणे, नऊ तास, शेवटचा मोठा नाला दुपारी एकच्या आत. बातल: दोन रात्री. बातल-लोसर: सहाला निघणे, सात ते आठ तास. लोसर-काझा: सूर्योदयाआधी निघणे, दुपारी समोरून वारा. प्रत्येक आकड्याशेजारी तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातला, कोरड्या हवेतला आहे असं लिहिलंय. जुलैत जाणाऱ्यांनी नाल्यांच्या वेळा किमान दोन तास अलीकडे धराव्यात, आणि तरीही छत्रूला ढाब्यावर विचारूनच निघावं. एक प्रत छत्रूच्या दीदींना टपालाने पाठवतेय. त्यांनी सांगितलेल्या नाल्यांची क्रमवारी त्यात त्यांच्याच क्रमाने आहे. काही बदललं असेल तर पुढच्या उन्हाळ्यात जाणारी मंडळी ते त्यांच्याकडून दुरुस्त करून आणतील.